मशीनवरच्या ब्लाइंड हेमचे टाके सुलट बाजूला दिसतात: काय, कोणत्या क्रमाने तपासावे

लक्षणे

पँटची किंवा कुर्त्याची खालची पट्टी उलट बाजूला मुडपली, झिगझॅग मशीनवर ब्लाइंड हेमची टीप मारली, कापड उलटवून पाहिले, आणि जिथे काहीच दिसायला नको होते तिथे ठिपक्यांची किंवा आडव्या रेघांची रांग उमटलेली आहे, ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येत असते. कोल्हापुरात राजारामपुरीत मी गेली १८ वर्षे अल्टरेशनचे काम करते. पँटची उंची कमी करणे, कुर्त्याचा घेर मुडपणे, जून उजाडला की शाळेचे स्कर्ट आणि दिवाळीच्या तोंडावर पडदे, या सगळ्यांत ही न दिसणारी टीप लागते. त्यामुळे माझ्या स्वतःच्या आणि शिकायला येणाऱ्या मुलींच्या मशीनवरचा हा दोष मी असंख्य वेळा उसवून पुन्हा शिवला आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगते. दहापैकी सात-आठ वेळा दोष मशिनमध्ये नसून मशीनखाली सरकवलेल्या घडीत असतो, आणि तरीही बहुतेक जण पहिला हात टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या) चकतीला घालतात.

दोष एकच दिसत असला तरी त्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचे कारण निराळे आहे. म्हणून टीप लगेच उसवू नये. कापड खिडकीच्या उजेडात सुलट बाजूने धरून नीट वाचावे. पूर्ण रांगेत सारख्याच लांबीचे, ठसठशीत आडवे टाके दिसत असतील, तर सुई प्रत्येक वेळी घडीत जास्त आत जात आहे. काही ठिकाणी मोठे टाके आणि काही ठिकाणी टाकाच नाही, पट्टी सुटून लोंबते आहे, असे असेल तर घडी शिवताना डावीउजवीकडे सरकली आहे. टाके बारीक आहेत, पण प्रत्येक टाक्यापाशी कापड आत ओढले जाऊन लहानशी खळी पडली आहे, तर दोरा जाड आहे किंवा ताण जास्त आहे. सरळ टाक्यांमध्येसुद्धा मध्येच लांब, न गुंतलेला दोरा दिसत असेल, तर मशीन टाका गाळते आहे आणि तो वेगळा दोष आहे. टीप व्यवस्थित बसली, पण खालचा काठ लाटेसारखा झाला किंवा एका बाजूला पिळला, तर कापड उरेब (तिरक्या धाग्यावर कापलेले) आहे किंवा मुडप फार रुंद घेतली आहे. आणि शिवताना सगळे सुंदर दिसले, मात्र पहिल्या धुण्यानंतर टाके दिसू लागले, तर कापड किंवा दोरा आटला आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. ब्लाइंड हेम पूर्णपणे अदृश्य नसते. टाक्याची लांबी २ मिलिमीटर ठेवली, तर साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर अंतरावर सुई मुख्य कापडाला एकदा स्पर्श करते आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका राहतो. एकरंगी, पातळ आणि गुळगुळीत कापडावर तो जवळून दिसणारच. कपडा दोन हात अंतरावर टांगून ठिपके दिसत नसतील, तर तो दोष समजू नये.

ही टीप चालते कशी

पुढच्या तपासण्या कळण्यासाठी एवढे समजून घ्यावे. या टिपेत मशीन चार-पाच टाके सरळ घालते आणि मग एक टाका डावीकडे झेपावून परत येते. सरळ टाके पडतात ते फक्त मुडपेच्या बाहेर डोकावणाऱ्या पाव इंच पट्टीवर, जी उलट बाजूला राहते. डावीकडचा टाका मात्र मुख्य कापडाच्या घडीला टोचतो. ती घडी उलगडली की त्या टोचण्यापैकी जेवढे घडीच्या आत गेले, तेवढेच सुलट बाजूला दिसते. सुई घडीच्या काठावरचे एक-दोन धागेच उचलत असेल तर ठिपका. घडीत दोन मिलिमीटर आत गेली तर चार मिलिमीटरची रेघ, कारण घडी उलगडल्यावर दोन्ही थरांवरचे अंतर एकत्र होते. दोष दुप्पट होऊन दिसतो तो याच कारणाने, आणि म्हणून इथे अर्ध्या मिलिमीटरचा हिशेबसुद्धा ठेवावा लागतो.

पहिली तपासणी: घडी

याला पैसे लागत नाहीत आणि बहुतेक दुरुस्ती इथेच होते, म्हणून इथे घाई करू नये.

काठ आधी ओव्हरलॉक करून घ्यावा. ओव्हरलॉक नसेल तर साधी झिगझॅग टीप चालते. काठ पाव इंच आत दुमडून दुहेरी मुडप करण्याची काळ्या (फक्त सरळ टिपेच्या जुन्या) मशीनवरची सवय इथे आडवी येते, कारण दुहेरी थराने सरळ टाक्यांची पट्टी जाड होते, फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) एका बाजूला कलते आणि डावीकडचा टाका वाटेल तिथे पडतो. काठ असा बांधून झाला की मुडप उलट बाजूला वळवून कडक इस्त्री करावी. ही पहिली घडी जितकी धारदार, तितका पुढचा त्रास कमी.

आता मुडपेच्या वरच्या काठापासून पाव इंच खाली कच्चा दोरा घालावा. टाचण्या लावल्या तर चालते, पण दोन टाचण्यांच्या मध्ये कापड फुगते, आणि फुगलेल्या जागी टाका मोठा पडतो. मी आजही पातळ कापडाला कच्चा दोराच घालते. दहा मिनिटे जातात, पण उसवण्याचा अर्धा तास वाचतो. यानंतर पूर्ण मुडप कापडाच्या सुलट बाजूखाली परत वळवावी, अशी की उलट बाजू वर असताना ओव्हरलॉकचा पाव इंच काठ उजवीकडे बाहेर दिसेल आणि डावीकडे मुख्य कापडाची घडी कच्च्या दोऱ्यालगत येईल. ही दुसरी घडी केवळ हाताने किंवा नखाने दाबावी. तिच्यावर वाफेची इस्त्री फिरवली तर ती रेघ सुलट बाजूवर कायमची दिसते, विशेषतः टेरिकॉट आणि टेरिवूलवर, आणि मग टाके एकही दिसत नसताना पट्टीवर एक रेघ राहते.

बाहेर डोकावणारा काठ सर्वत्र सारखा आहे का, हे फूटपट्टीने मोजावे, नजरेने ठरवू नये. काही ठिकाणी मोठे टाके आणि काही ठिकाणी सुटलेली पट्टी हे लक्षण असेल, तर काठ एका ठिकाणी पाव इंच आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या निम्मा निघतो, असे मला हमखास आढळले आहे. शिवताना मुख्य कापडाचे वजनही टेबलाखाली लोंबू देऊ नये. पडद्याचे कापड खाली ओढले गेले की घडी फूटवरच्या मार्गदर्शक पट्टीपासून दूर जाते. डाव्या बाजूला एक खुर्ची ठेवून त्यावर पडदा गोळा करून ठेवला की निम्मा दोष जातो.

कपड्याच्या बाजूच्या शिवणीपाशी वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे चार थर एकत्र येतात आणि फूट चढावर चढल्यासारखे कलते. मुडपेच्या आत येणाऱ्या भागातील शिवणीची जास्तीची पट्टी आधी कापून पातळ करावी, आणि फूट वर चढू लागले की त्याच्या मागच्या बाजूखाली त्याच जाडीची कापडाची घडी सरकवावी. फूट सपाट राहिले की टाका जागेवर पडतो.

घेराच्या कपड्यांचा हिशेब

काठ लाटेसारखा होण्याची तक्रार मुख्यतः अंब्रेला कुर्त्यांबाबत येते, आणि त्यात मशिनचा काही संबंध नसतो. पूर्ण गोल घेराचा कपडा घ्या. त्याची मुडप एक इंच घेतली, तर कापडाचा मोकळा काठ वळून मूळ जागेपेक्षा दोन इंच आतल्या वर्तुळावर जाऊन बसतो, आणि आतले वर्तुळ बाहेरच्यापेक्षा साडेबारा इंचांनी लहान असते. एवढे जास्तीचे कापड कुठे तरी जाणारच. ते चुण्या होऊन मुडपेत साठते आणि प्रत्येक चुणीवर टाका चुकतो. मुडप पाव इंच घेतली तर हाच फरक जेमतेम तीन इंचांवर येतो आणि इस्त्रीने बसवता येतो. पाव इंचात मात्र ब्लाइंड हेमला जागा उरत नाही. म्हणून पूर्ण गोल घेरावर मी ही टीप मारतच नाही. बारीक दुहेरी मुडप करते किंवा पिको करते. ए-लाइन कुर्त्यावर पाऊण इंचापर्यंतची मुडप चालते, पण काठावर आधी लांब टाक्याची टीप मारून तिचा दोरा हलकेच ओढून कापड सामावून घ्यावे.

गोल घेराचा बराचसा काठ उरेब असतो आणि उरेब कापड शिवताना ताणले जाते. असा कपडा शिवण्यापूर्वी निदान एक रात्र टांगून ठेवावा आणि खाली उतरलेला काठ सकाळी पुन्हा सारखा कापून मगच मुडपावा.

दुसरी तपासणी: सुई

घडी बरोबर असूनही टाके दिसत असतील, तर सुई बदलावी. सुई हा मशिनचा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि तरीही लोक तो मोडेपर्यंत वापरतात. साधारण आठ तास शिवण झाले की सुई बदलावी असा शिवणकामातला नियम आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तो आणखी कडकपणे पाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दिवसेंदिवस ऊन पडत नाही, मशिनमध्येच राहिलेल्या सुईवर बारीक गंज धरतो, डोळ्यांना तो दिसत नाही, पण क्रेपवर टाका टाकताना धागा ओढला जाऊन लांब रेघ उठते. सुईचे टोक नखावरून हलकेच फिरवावे. ओरखडा जाणवला तर ती सुई टाकून द्यावी. सुई सरळ आहे का हे पाहण्यासाठी तिची चपटी बाजू आरशावर ठेवून टोकाखालची फट पाहावी. फट टोकाकडे कमीजास्त होत असेल, तर सुई वाकली आहे.

नंबर महत्त्वाचा आहे. १६ नंबरची सुई १ मिलिमीटर जाडीची असते, ११ नंबरची ०.७५ मिलिमीटर आणि ९ नंबरची ०.६५ मिलिमीटर. पाकिटावर १००/१६ किंवा ७५/११ असे जे दोन आकडे असतात, त्यांतला पहिला आकडा म्हणजे शंभर भागांत मोजलेली मिलिमीटरमधील जाडी. जाड कापडाच्या कामासाठी लावलेली १६ नंबरची सुई तशीच ठेवून जॉर्जेट मुडपले, तर टाका कितीही बारीक पडला तरी छिद्रच दिसते. जॉर्जेट, क्रेप आणि पातळ अस्तराला ९ किंवा १० नंबर, पॉपलिन आणि कॅम्ब्रिकला ११, टेरिवूलच्या पँटला १२ किंवा १४ एवढे पुरे. टी-शर्टसारख्या विणीच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, नाही तर ती विणीचा धागा कापते आणि धुतल्यावर तिथे भोक पडते.

दोन वर्षांपूर्वी कळंब्याहून एक मुलगी स्कूटरवर मशीन बांधून घेऊन आली होती. "काकू, मशिनचं टायमिंग गेलंय म्हणत्यात," असे म्हणून तिने मशीन टेबलावर ठेवले. दुरुस्तीसाठी तिला बरीच मोठी रक्कम सांगितली गेली होती. मी वीज बंद करून सुईचा स्क्रू सैल केला, तर सुई खाली उतरली तीच अर्धी फिरलेली. चपटी बाजू मागे असायला हवी होती ती बगलेला होती, आणि सुई वरपर्यंत पोचलेलीही नव्हती. तिच्या आईच्या काळ्या मशीनवर चपटी बाजू बगलेलाच येत असल्याने हात तसाच वळला होता. नवी सुई चपटी बाजू मागे ठेवून वरपर्यंत दाबून बसवली, पॉपलिनच्या तुकड्यावर टीप मारली आणि एकही टाका गळला नाही. बहुतेक झिगझॅग मशिनांवर चपटी बाजू मागे येते. शंका असल्यास सुईवरची लांब खाच पाहावी, दोरा ज्या बाजूने नेढ्यात जातो त्या बाजूला ती असते.

तिसरी तपासणी: दोरा

दोरा पुन्हा पूर्ण ओवावा, आणि ओवताना फूट वर उचललेले असावे. फूट खाली असते तेव्हा टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये न बसता वरून जातो, आणि मग टेन्शन कितीही फिरवले तरी काही फरक पडत नाही. हे एकदा कळले की कितीतरी "बिघडलेली" मशिने बरी होतात.

वरचा आणि बॉबिनचा दोरा सारख्या जाडीचा आणि शक्यतो एकाच प्रकारचा असावा. ओव्हरलॉकसाठी आणलेला जाडसर, केसाळ दोरा बॉबिनवर भरून उरलेला संपवण्याचा मोह होतो. ब्लाइंड हेममध्ये तो टाळावा, कारण जाड दोरा घडीच्या धाग्यांमध्ये मावत नाही आणि तिथे खळी पाडतो. रंग निवडताना रीळ कापडाशेजारी धरू नये. दोऱ्याचे एक पदर उलगडून कापडावर आडवे ठेवावे. रिळावर गुंडाळलेला दोरा गडद दिसतो, एकेरी पदर फिका दिसतो. नेमकी छटा मिळत नसेल तर कापडापेक्षा एक छटा गडद घ्यावी, फिकी कधीच घेऊ नये. छापील कापडावर मुडपेच्या रेषेत जो रंग जास्त येतो तो रंग घ्यावा. पारदर्शक नायलॉनचा दोरा दिसत नाही हे खरे, पण तो गरम इस्त्रीने वितळतो आणि त्याचे टोक पायाला बोचते. शाळेच्या स्कर्टला तर तो मी वापरतच नाही.

धुतल्यानंतर टाके दिसू लागणे, याचे उत्तर शिवण्याच्या आधी आहे. इचलकरंजीचे पॉपलिन असो किंवा कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारातून आणलेला सुती पीस असो, कापण्यापूर्वी तो पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा. पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही, सुती कापड आटते, आणि दोघांची लांबी बदलली की प्रत्येक टाका सैल होऊन वर उठतो. इरकल साडीला फॉल लावताना जी अडचण येते ती याच जातीची आहे: न भिजवलेला फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ चुण्या होऊन वर ओढला जातो. फॉल आधी भिजवण्याची आपल्या घरांतली जुनी सवय अगदी योग्य आहे, तीच मुडपेच्या कापडाला लावावी.

चौथी तपासणी: टिपेची निवड, रुंदी आणि फूट

मशिनवर ब्लाइंड हेमच्या बहुधा दोन आकृत्या असतात. एकीत सरळ टाके आणि मध्ये एक झेप असते, ती विणलेल्या साध्या कापडासाठी. दुसरीत सरळ टाक्यांच्या जागी बारीक झिगझॅग असते, ती ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडासाठी. दुसरी आकृती पॉपलिनवर वापरली तर पट्टी जाड होते. पहिली आकृती टी-शर्टवर वापरली तर ताण पडताच दोरा तुटतो.

आता या दोषातील सर्वांत उपयोगाची कृती सांगते. मोटर वापरू नये. घडी फूटखाली ठेवून मार्गदर्शक पट्टी घडीला चिकटवून घ्यावी आणि हातचाक आपल्या बाजूला सावकाश फिरवत एकेक टाका मोजावा. सरळ टाके उजवीकडच्या काठावर टकटक पडत जातात. मग सुई वर उठते, दांडा डावीकडे सरकतो आणि टोक खाली येऊ लागते. इथे चाक थांबवावे, मान खाली घालून सुईचे टोक आणि घडी यांच्यातील जागा पाहावी. टोक घडीच्या काठावरच्या धाग्याला जेमतेम टेकते आहे, घडीचा काठ किंचित हलतो आहे, एवढेच हवे. टोक घडीच्या बाहेरच पडत असेल तर पट्टी सुटणार, घडीत खोल शिरत असेल तर रेघ दिसणार. ज्या फूटला लहान स्क्रू आहे, त्या फूटची मार्गदर्शक पट्टी तो स्क्रू फिरवून सरकवता येते. नसेल तर टाक्याची रुंदी कमी-जास्त करावी. एका वेळी अगदी थोडा बदल करावा आणि पुन्हा चाक हाताने फिरवून पाहावे. मी रुंदी सहसा अडीच ते साडेतीन मिलिमीटरच्या दरम्यान ठेवते, पण हा आकडा जसाच्या तसा उचलू नये, कारण कापडाच्या जाडीनुसार घडीही फुगते आणि पातळ क्रेपवर जमलेली रुंदी टेरिवूलवर चुकते.

नमुना नेहमी त्याच कापडाच्या, तितक्याच थरांच्या तुकड्यावर काढावा. जुन्या चादरीच्या तुकड्यावर बसवलेली रुंदी खऱ्या कपड्यावर लागू पडत नाही. पँटची उंची कमी करताना कापलेली पट्टी टाकून न देता नमुन्यासाठी ठेवावी.

ब्लाइंड हेमचे वेगळे फूट नसेल आणि साध्या फूटने काम चालले असेल, तर दोष तिथेच असू शकतो. नजरेने घडी सरळ नेणे चार-सहा इंच जमते, पँटच्या मोहरीएवढ्या (खालच्या घेराएवढ्या) लांबीला जमत नाही. हे फूट महाग नसते. घेताना आपल्या मशिनच्या दांड्याची उंची जुळते ना, हे जुने फूट सोबत नेऊन पाहावे.

पाचवी तपासणी: ताण, दाब आणि सफाई

इथपर्यंत सगळे बरोबर असूनही खळ्या पडत असतील, तरच टेन्शनला हात लावावा. साध्या टिपेला वरचे टेन्शन ४ च्या आसपास असेल, तर ब्लाइंड हेमला ते २ किंवा ३ वर आणावे. झेप घेणारा टाका लांब असतो, त्याला दोरा जास्त लागतो. ताण तसाच ठेवला तर तो घडीला उजवीकडे खेचतो आणि खळी पडते. बदल करण्यापूर्वी मूळ आकडा कागदावर लिहून ठेवावा. बॉबिन केसचा स्क्रू या कारणासाठी फिरवू नये. शंका असेल तर बाहेर निघणारी बॉबिन केस दोऱ्याने टांगून हाताला हलका झटका द्यावा: ती इंच-दोन इंच उतरून थांबली तर ताण ठीक आहे, सरळ जमिनीकडे निघाली तर सैल आहे, जागची हललीच नाही तर घट्ट आहे.

पातळ कापडावर फूटचा दाब कमी करता येत असेल तर करावा, कारण जास्त दाबाने वरचा थर मागे राहतो आणि शेवटी मुडप पिळते. नंतर वीज बंद करून सुईखालची पट्टी काढावी आणि दात्यांमधील कापसाची भुकटी ब्रशने झाडावी. फुंकर मारू नये. श्वासातला ओलावा आत जातो आणि भुकटी आणखी खोल बसते. तेल देण्याची जागा पुस्तिकेत दाखवलेली असेल तर तिथे शिलाई मशिनचेच तेल, एक थेंब. खोबरेल तेल घातलेली मशिने मी पाहिली आहेत. ते थंडीत घट्ट होऊन सांधे धरून बसते.

शेवटची इस्त्रीही याच टप्प्यात येते. टीप झाली की घडी उलगडून मुडप आडवी हलकेच ताणावी म्हणजे टाके बसतात. मग उलट बाजूने, ओला रुमाल ठेवून दाब द्यावा, आणि ओव्हरलॉकच्या काठाखाली कागदाची पट्टी सरकवावी, म्हणजे त्या काठाचा वळ सुलट बाजूवर उमटत नाही.

इथे थांबावे

नवी सुई, नवा दोरा आणि योग्य घडी असूनही टाके गळत असतील, तर सुती कापडाच्या दुहेरी तुकड्यावर साधी झिगझॅग टीप मारून पाहावी. तिथेही टाके गळले तर सुई आणि हुक (खाली फिरून सुईचा दोरा पकडणारा भाग) यांचे टायमिंग, म्हणजे दोघांच्या हालचालीचा मेळ, पाहावे लागेल, आणि ते काम मेकॅनिकचे आहे. सुई आणि खालच्या हुकाचे टोक यांच्यातील अंतर केसाएवढे असते. स्क्रूड्रायव्हर घेऊन अंदाजाने ते लावायला गेल्यास साधा दोष मोठा होतो. डावीकडची झेप कधी मोठी, कधी लहान पडते, किंवा सुई मधोमध असताना सुईखालच्या पट्टीच्या छिद्राच्या कडेला घासते, असे दिसले तरीही मशीन बंद करावे. घासलेली सुई मोडून तिचा तुकडा डोळ्याकडे उडतो.

वीज आणि पाणी यांबाबत तर जराही धोका पत्करू नये. मोटरमधून जळका वास येणे, पॅडल न दाबता मशीन चालू होणे, किंवा अंगाला झटका बसणे, यांपैकी काहीही झाले तर प्लग काढावा आणि मेकॅनिकला बोलवावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा बुडालेली मशिने वाळवून थेट चालू करण्याची घाई काही जणांनी केली. बाहेरून कोरडे दिसणारे मशीन मोटरच्या गुंडाळीत ओले असते. असे मशीन उघडून, स्वच्छ करून, मोटर तपासल्याशिवाय विजेला जोडू नये.

कापडाच्या बाबतीतही थांबण्याची एक रेषा आहे. पैठणी, शिफॉन, मखमल किंवा महागडे लोकरी कापड यांवर घरच्या मशिनचे ब्लाइंड हेम करू नये, कारण एकदा पडलेले छिद्र रेशमावर आणि मखमलीवर उसवल्यानंतरही राहते. तिथे हाताचे हेमिंगच करावे, किंवा ज्या दुकानात वाकड्या सुईचे ब्लाइंड हेमचे वेगळे मशीन आहे तिथे द्यावे. त्या मशिनची टीप एकाच दोऱ्याची साखळी असते. शेवटचे टोक ओढले तर पूर्ण मुडप एका क्षणात उसवते, म्हणून कपडा परत घेताना शेवटचे टोक गाठ मारून पक्के केले आहे ना, हे पाहून घ्यावे.

मेकॅनिककडे मशीन नेताना मोकळे मशीन नेऊ नये. ज्या कापडावर दोष दिसला त्याची हातभर पट्टी, तोच दोरा, तीच सुई आणि ब्लाइंड हेमचे फूट सोबत द्यावे. पट्टीवर टाके गळलेल्या किंवा मोठे पडलेल्या जागा खडूने खूण करून दाखवाव्यात, आणि दुरुस्तीनंतर त्याच पट्टीवर, त्याच दोऱ्याने, आपल्या डोळ्यांसमोर किमान एक हात लांबीची टीप मारून घ्यावी.